आत्याच्या हातचा भात

आमच्या गल्लीच्या गटारात पालिकेनं रवी बसवली, त्या दिवशी वन्संनी मला विचारलं, "घाणीतून लोणी काढायला तुला पगार देतात होय गं?"

"देतात," मी म्हटलं, "आणि वेळेवर देतात."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली, लग्न न केलेली बहीण, हेमलता नांद्रेकर. 'वन्सं' ही हाक आता मिरजेत आमच्या घराबाहेर कुठे ऐकू येत नाही. नव्या सुना नणंदेला सरळ नावानं, नाहीतर 'दीदी' म्हणून हाक मारतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी जे शिकवलं ते मोडलं नाही, कारण भांडायचं असलं की या शब्दाला चांगला जोर येतो. बाकी सगळी गल्ली त्यांना 'आत्या' म्हणते. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांचं पाळणाघर आहे, आणि गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्या हातचा मऊ भात खाऊन मोठी झाली आहेत.

रवी हे आम्ही प्रयोगशाळेत ठेवलेलं नाव. कागदावरचं लांबलचक नाव आमच्यातही कुणाला धड आठवत नाही. टायफॉइडचे जंतू पोटात बाळगणारा माणूस गल्लीत एखादाच असतो, आणि त्याच्यापासून बाहेर पडलेले जंतू हजारो लिटर सांडपाण्यात विरून जातात. त्यातलं पेलाभर पाणी आणून तपासलं तर हाती काही लागत नाही. रवी त्या पाण्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडते, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी मावावेत. प्रत्येक कणावर एक लेप असतो आणि तो टायफॉइडच्या जंतूलाच तेवढा चिकटतो. कण पाण्यात फिरतात, जंतू भेटला की त्याला बिलगतात. मग बाहेरून चुंबक लावायचं. एरवी हे कण चुंबकासारखे वागत नाहीत, म्हणून एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत नाही. चुंबक जवळ आलं की मात्र सगळे एका बाजूला धावतात आणि जंतूंना ओढत आणतात. ताकावर लोणी यावं तशी भांड्याच्या भिंतीवर तपकिरी साय धरते. पाणी सोडून द्यायचं, चुंबक काढायचं आणि ती साय थेंबभर पाण्यात उतरवून घ्यायची. टाकीभर पाण्यातले जंतू त्या एका थेंबात येतात. त्यांची जनुकं वाचायचं काम यंत्रं दुपारच्या जेवणाआधी उरकतात.

हा खटाटोप हौसेनं केला नव्हता. शहरात मध्यंतरी जो टायफॉइड आला, त्याच्यावर एकही गोळी चालेना. एक इंजेक्शन तेवढं लागू पडत होतं, आणि तेही किती दिवस लागू पडेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. म्हणून तापाच्या मागे धावण्यापेक्षा तो येतो कुठून ते शोधायचं ठरलं. काही माणसं टायफॉइडमधून खडखडीत बरी होतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात घर करून राहतो. तिथे खडे असले तर त्या खड्यांवर थर धरून वर्षानुवर्षं राहतो. त्या माणसाला काही होत नाही, त्याच्या हातचं खाणाऱ्याला होतं. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो.

आता घरातलं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी मुलगी ऊर्वी चार वर्षांची असताना टायफॉइडनं गेली. त्याला बारा वर्षं झाली. त्या वेळी मी याच प्रयोगशाळेत टायफॉइडचे जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासत होते. दोन आणि दोन चार करायला कुणाला शिकवावं लागत नाही. भेटायला आलेल्या बायकांसमोर वन्सं म्हणाल्या, "लोक पोरांसाठी बाहेरून खाऊ आणतात. हिनं रोग आणला." श्रीनिवास, माझा नवरा, तिथेच भिंतीला टेकून बसला होता. तो काही बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही. वर्षाच्या आत त्यानं नागपूरला बदली मागून घेतली आणि परत यायची बदली कधी मागितली नाही. भांडण नाही, घटस्फोट नाही. दिवाळीला येतो, पाहुण्यासारखा राहतो आणि जातो.

तू का राहिलीस, असं माहेरचे विचारायचे. नोकरी इथे होती. सासरे अंथरुणाला खिळले होते, त्यांना सोडून जाववलं नाही. आणि ते गेले तोवर जायची इच्छाही गेली होती. खरं सांगायचं तर वन्संचं बोलणं मला पटलं होतं. मी कोपरापर्यंत हात धूत होते, कपडे बदलून घरी येत होते, पण जंतू काय, नखाच्या कडेनंही येतो. ऊर्वी होती तेव्हाही वन्सं मला तिच्या ताटाला हात लावू देत नसत. 'लॅबचे हात' म्हणायच्या. ती गेल्यावर मीच कुठल्याही मुलाच्या ताटाजवळ गेले नाही.

वन्सं भरवायच्या ते मात्र बघण्यासारखं असायचं. पोरं भिंतीलगत ओळीनं बसलेली, मध्ये मोठं ताट. वाफाळता भात ताटात पसरायचा, बोटांनी कुस्करत निववायचा, तूप-मेतकूट घालून कालवायचा आणि एकेकाच्या तोंडात घास द्यायचा. चमचे घरात असून नसल्यासारखे. "चमचा दहा तोंडांत जाऊन येतो, हात आपला असतो," हे त्यांचं शास्त्र. स्वच्छतेचं वेड असं की त्यांच्या फरशीवर पाय ठेवायला भीती वाटावी. पण भात कालवायच्या आधी हात नुसत्या पाण्यानं धुवायच्या. साबणाचा वास भाताला लागतो आणि पोरं तोंड फिरवतात, म्हणून साबण नाही. त्यांची आई असंच करायची. माझीही असंच करायची.

पावसाळा सरता सरता रवीनं आमच्या गल्लीच्या पाण्यात टायफॉइड दाखवला. मग प्रत्येक घराच्या सांडपाण्याच्या नळीचं पाणी वेगळं घेतलं, आणि घर निघालं ते आमचं. पहिला नमुना मी माझाच तपासला. त्यात काही नव्हतं. घरात माणसं दोनच. उरल्या वन्सं.

"घे बाई," नमुन्याची डबी हातात देत त्या म्हणाल्या, "या वयात हेही दान करायचं नशिबात होतं." त्या डबीतून निघालेल्या थेंबात जंतू खच्चून भरले होते.

पण नियमाप्रमाणे वाहक ठरवायचा तर जुन्या पद्धतीनं, बशीत जंतू वाढवून, पुन्हा तपासावं लागतं. तसं तीनदा तपासलं आणि काही उगवलं नाही. वाहक रोज जंतू सोडत नाही, सोडतो तेही थोडे. म्हणून तर रवी करावी लागली. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, मला पटतंय, पण नियम बदलेपर्यंत मी कुणाचं पाळणाघर बंद करू शकत नाही." कागदोपत्री वन्सं ठणठणीत ठरल्या. त्या आनंदात त्यांनी पोरांना शिरा केला.

मग मी दारात उभी राहून एकेका आईला सांगितलं. शेजारची दीपाली, तिची ओवी तीन वर्षांची, माझं ऐकून घेऊन हसली. "ताई, घरातलं घरात मिटवा की. आमची ओवी आत्यांकडं येती, तुमच्याकडं न्हवं. आणि मशीनचं काय सांगताय? माझं कपड्याचं मशीनबी महिन्यातनं दोनदा बंद पडतंय." बाकीच्यांनीही कमीअधिक हेच ऐकवलं. मी जंतूची गोष्ट सांगायला गेले आणि गल्लीला त्यात नणंद-भावजयीचं भांडण ऐकू आलं. एरवी आमची भांडणं गल्लीनं चवीनं ऐकलेली होती, त्यामुळे त्यांना तरी काय बोल लावायचा.

प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये ऊर्वीच्या रक्तातून वाढवलेला जंतू गोठवून ठेवलेला आहे. दरवर्षी जुने नमुने टाकून देतात आणि दरवर्षी मी तो बाजूला काढते. कारण विचारू नका. त्या आठवड्यात मी ती कुपी बाहेर काढली.

टायफॉइडच्या जंतूची जनुकं म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरांचा मजकूर. एकाचे दोन होताना त्याची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. सगळं मिळून वर्षाला एखादं, किंवा तेही नाही. या चुका मोजल्या की कोण कुणाच्या किती जवळचं ते कळतं. ऊर्वीच्या आजाराच्या वेळी मी जे जंतू हाताळत होते, त्यांचीही जनुकं मी वाचली. त्यांचं आणि ऊर्वीच्या जंतूचं काही म्हणता काही नातं नव्हतं. वन्संच्या थेंबातले जंतू मात्र तिच्या जंतूचे सख्खे निघाले.

तरी मी स्वतःला आवरलं. आजारपणात तिचं सगळं वन्संनीच केलं होतं, तिच्याकडूनच त्यांना लागला असेल. एखाददुसरा जंतू पाहून हे ठरत नाही. पण चुंबकानं ओढून आणलेले जंतू एखाददुसरे नव्हते, लाखोंनी होते. त्यांची जनुकं शेजारी शेजारी मांडल्यावर चांगलं वाढलेलं झाड उभं राहिलं. फांद्या जिथे एकत्र येत होत्या ते खोड चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. वन्सं कॉलेजात असताना महिनाभर तापानं अंथरुणावर होत्या, डोक्यावरचे केस गेले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऊर्वीचा जंतू त्या झाडाच्या एका फांदीवर मध्येच कुठेतरी बसला होता. झाड वन्संच्या पोटातलं, आणि त्याची एक डहाळी माझ्या मुलीपर्यंत आलेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आधी आनंदच झाला. बेसिनपाशी जाऊन मी हात धुतले आणि त्यांच्याकडे बघत रडत राहिले. बारा वर्षं मी या हातांना नावं ठेवली होती. मग नळ बंद केला तेव्हा लक्षात आलं की आता मला घरी जायचं आहे, आणि घरी वन्सं माझ्यासाठी चहा झाकून बसल्या असतील.

मी ते सांगितलं नाही. ते न सांगता काम होतंय का ते बघितलं. सोनोग्राफी करून घेऊ म्हटलं, पित्ताशयात खडे असतील, शस्त्रक्रिया लहान असते, दोन दिवसांत घरी येता येतं. "माझं पित्त उभ्या जन्मात उसळलं नाही," त्या म्हणाल्या. निदान चमचा घ्या म्हटलं, साबण लावा म्हटलं. त्यांनी माझ्या देखत हात पाण्याखाली धरले, झटकले आणि भात कालवायला बसल्या. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, हे या घरातल्या दोन्ही बायकांना लागू आहे.

मग ओवीला ताप आला. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, टायफॉइड निघाला, आणि त्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर वन्सं पायांत चप्पल घालत होत्या. हातात स्टीलचा डबा.

"कुठे निघालात?"

"ओवीकडे. पोटात काही ठरत नाही तिच्या. दीपालीचा फोन आलेला, आत्याच्या हातचा भात मागतेय म्हणून."

मी दारात उभी राहिले. "डबा ठेवा, वन्सं."

"बाजूला हो. गार होईल."

"ओवीचा ताप तुमच्याकडून गेलाय."

"झालं का पुन्हा सुरू?" त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "तीनदा तपासलं तुमच्याच लोकांनी. काही निघालं? तुला काय वाटतं ते मला कळत नाही होय, रेवती? तुझ्या हातून झालं, तसं माझ्याही हातून काहीतरी व्हावं. म्हणजे आपण दोघी सारख्या."

"माझ्या हातून झालं नव्हतं."

हे मी इतक्या हळू बोलले की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. मग मी सगळं सांगितलं. कॉलेजातला ताप, पित्ताशय, झाड, खोड, ऊर्वीची फांदी. आवाज न चढवता, प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते तसं. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, डब्याकडे बघत होते. कडेनं तूप सुटलेलं दिसत होतं.

वन्सं मागे सरकल्या आणि पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "शेवटी तिनं माझ्याच हातचं खाल्लं होतं. तुला नको म्हणाली, श्रीला नको म्हणाली. माझ्याकडून चार घास खाल्ले."

"त्या घासांनी काही झालं नाही. तिला आधीच लागलेला होता, दोन-तीन आठवडे आधी."

"म्हणजे रोजच्या भातातनं."

"हो."

हे बरोबर उत्तर होतं, आणि ते देताना माझी जीभ अडखळली नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला विचारते आहे की हे मी ओवीसाठी सांगितलं, की बारा वर्षांचं उट्टं काढलं. ओवीसाठी सांगितलं हे खरंच आहे. पण सांगून झाल्यावर छातीत जे मोकळं मोकळं वाटलं, ते ओवीसाठी नव्हतं.

वन्संनी डबा जमिनीवर ठेवला आणि पायानं दूर सारला. अन्नाला पाय लावलेला मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"तू कर भात," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुझे हात चांगले आहेत ना? मग तू कर आणि तू घेऊन जा. पोर उपाशी आहे."

मी साबण लावून हात धुतले, कुकर लावला, भात घोटला. मेतकुटाचा डबा कुठल्या फडताळात असतो तेही मला विचारावं लागलं. दवाखान्यात ओवीनं पहिला घास तोंडात घेतला आणि नाक मुरडलं. "साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. मग पाच-सहा घास खाल्ले. दीपाली माझ्या हाताकडे बघत राहिली. इंजेक्शन लागू पडलं, ओवी आठवडाभरानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या दारात वन्सं स्वतः उभ्या राहिल्या. येईल त्या आईला त्यांनी एकच सांगितलं, "माझ्या पोटात रोग आहे, पोराला परत घेऊन जा. रेवती सांगत होती ते खरं होतं." काही जणी रडल्या. दोघी-तिघींनी "तसलं काय नसतंय आत्या" म्हणून पोरं आत ढकलायला पाहिली, तर त्यांनी कडी घातली. घरात आल्या तेव्हा पदर घट्ट आवळलेला होता. मी पाणी दिलं, ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं नाही, खाली ठेवायला सांगितलं. "तुला नको लागायला," म्हणाल्या. पाण्याच्या पेल्यानं काही होत नाही हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

पंधरवड्यात शस्त्रक्रिया झाली. पित्ताशयातून हरभऱ्याएवढे खडे निघाले. ते धुतलेलं पाणी मी चुंबकाखालून काढलं, आणि साय धरली ती बघून डबी बंद केली. आणखी बघण्यासारखं काही नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या सकाळी वन्सं म्हणाल्या, "श्रीला फोन लाव."

"जरा ताकद येऊ दे. नंतर बोलू."

"लाव म्हणते ना. ज्या तोंडानं तेव्हा बोलले त्याच तोंडानं बोलू दे."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि उशीजवळ ठेवला. श्रीनिवास म्हणाला, "ताई, कशी आहेस? टाके दुखतात का?"

"टाके राहू देत. ऐक. ऊर्वीला ताप हिनं आणला नव्हता. मी दिला. रोज भरवत होते, त्या भातातनं दिला. हिच्या यंत्रानं दाखवलंय, आणि माझ्या पोटातनं खडे काढलेत त्यात जंतू सापडलेत. बायकांसमोर मी हिला बोलले ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटं होतं. तू ऐकतोयस का?"

तो ऐकत होता. श्वास ऐकू येत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातेवाईक वर्तमानपत्र चाळायचं थांबला.

"रेवती आहे तिथे?"

"आहे," मी म्हटलं.

"म्हणजे..." त्याचा आवाज ओला झाला. "म्हणजे तुझी चूक नव्हती."

या वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. ते आलं की काय बोलायचं, कसं रडायचं, सगळं मनात ठरलेलं होतं. आणि ते आलं तेव्हा माझ्यासमोर वन्सं छताकडे डोळे लावून पडल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळत होतं. माझ्यावरनं उतरलेलं ते ओझं आता कुणाच्या अंगावर जाणार हे दिसत होतं. या बाईनं बारा वर्षं मला टोचून खाल्लं होतं, पण सोडून गेली नव्हती.

"नव्हती," मी म्हटलं. "आणि असती, तरी तू जायला नको होतंस."

वन्संनी चादरीखालून हात काढून माझं मनगट धरलं. मी फोन बंद केला नाही. आता बोलायची पाळी त्याची होती.